कुलाबा स्थानकाची जागा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात एकाच विषयावर इतकी पत्रे आली की इतर विषयांवरील प्रश्न पुढील अंकासाठी ठेवले आहेत. दक्षिण मुंबईत कुलाबा येथे उपनगरी रेल्वेचे एक मोठे स्थानक होते, आणि त्या जागेचे पुढे काय झाले, हे अनेक वाचकांना जाणून घ्यायचे आहे. मिळत्याजुळत्या पत्रांतील प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : पश्चिम रेल्वेची लोकल चर्चगेटला पोहोचली की प्रवास संपतो. आमच्या घरातील जुनी माणसे मात्र ‘कुलाबा स्टेशन’ असा उल्लेख करीत असत. असे स्थानक खरोखर होते का? असल्यास ते नेमके कोठे होते आणि आज तेथे काय आहे?

उत्तर : होते, आणि ते एखादे लहानसे थांबे-स्थानक नव्हते. आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वसुरी असलेल्या ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’चे, म्हणजे बोलण्यात रूढ असलेल्या बी.बी.सी.आय.चे, ते मुंबईतील दक्षिणेकडचे अंतिम स्थानक होते. वुडहाउस रोडच्या, म्हणजे आजच्या नाथालाल पारेख मार्गाच्या बाजूला, कफ परेडच्या परिसरात रेल्वे अधिकाऱ्यांची ‘बधवार पार्क’ ही वसाहत आहे. कुलाबा स्थानक तेथे होते.

ही जागा समजून घ्यायची तर रूळ तेथवर कसे आले, हे आधी पाहिले पाहिजे. बी.बी.सी.आय.चे काम गुजरातेत सुरू झाले आणि मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत, म्हणजे दक्षिण मुंबईच्या पश्चिमेकडील उपसागराच्या काठापर्यंत, रोजची एक गाडी सुरू झाली, आणि पश्चिम उपनगरांच्या लोकल वाहतुकीचा आरंभ म्हणून हीच तारीख सांगितली जाते. चर्चगेट स्थानक १८७० मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच मार्ग कुलाब्याला भिडला. ग्रँट रोडच्या पुढचा हा सारा मार्ग समुद्राला खेटून गेलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांत बॅक बे भरून काढण्यासाठी एक कंपनी उभी राहिली आणि १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात ती बुडाली. तिच्या अर्धवट कामातून किनाऱ्यालगत निर्माण झालेली चिंचोळी पट्टी रेल्वेच्या उपयोगी पडली. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरून रूळ धावू शकले ते एका फसलेल्या भराव योजनेमुळे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे दुसऱ्या भराव योजनेनेच ते रूळ उखडले.

कुलाब्याला गाडी हवी होती, कारण कुलाबा तेव्हा कामाचा भाग होता. कापसाचा घाऊक बाजार १८४४ मध्ये किल्ल्याच्या आतून हलवून कुलाब्याला नेण्यात आला होता. तेथे कापसाच्या गासड्यांची गोदामे आणि गासड्या दाबण्याचे कारखाने होते. ससून डॉक १८७५ मध्ये तयार झाला. लष्कराची छावणी तर त्याच्याही फार आधीपासून होती. गुजरातेतून निघालेला कापूस रेल्वेने थेट कुलाब्याच्या मालधक्क्यावर उतरावा आणि तेथून जहाजात चढावा, हा व्यवहार सरळ होता. प्रवासी वाहतूकही वाढत गेली, जुनी इमारत अपुरी पडू लागली आणि १८९६ मध्ये नवे स्थानक बांधण्यात आले.

प्रश्न : इतके महत्त्वाचे स्थानक बंद का केले? प्रवासी कमी झाले होते का?

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक पत्रांत असेच गृहीत धरलेले दिसते की स्थानक ओस पडले असावे. वस्तुस्थिती तशी नव्हती. ५ जानेवारी १९२८ रोजी बी.बी.सी.आय.ने आपली पहिली विजेवर चालणारी उपनगरी गाडी सुरू केली ती कुलाबा ते बोरिवली या मार्गावर. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल ही त्या काळातील अत्यंत प्रतिष्ठेची गाडीही कुलाब्याशी जोडलेली होती. ज्या स्थानकापर्यंत विजेच्या तारा नुकत्याच ओढल्या होत्या, ते तीन वर्षांच्या आत, ३१ डिसेंबर १९३० च्या रात्री, बंद करण्यात आले. ते त्याच्या उपयोगाअभावी बंद झाले असे म्हणणे या तारखांशी जुळत नाही.

खरे कारण जमीन हे होते. १९२० च्या दशकात मुंबई सरकारने बॅक बे भरून काढण्याची फार मोठी योजना हाती घेतली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा तिच्यामागे आग्रह होता आणि त्यासाठी विकास खाते स्वतंत्रपणे उभे करण्यात आले होते. चर्चगेटपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत आठ विभागांत मिळून १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढायची, असा तो आराखडा होता. ही जमीन झाली की तोवर समुद्रकाठी असलेले रूळ जुने शहर आणि नवे शहर यांच्या बरोबर मधोमध आले असते. ते जमिनीच्या पातळीवर होते. ते तसेच ठेवले असते तर नव्या वस्तीत जाणारा प्रत्येक रस्ता त्यांनी अडवला असता. शिवाय चर्चगेट आणि कुलाबा यांच्यामधला रेल्वेच्या ताब्यातील पट्टा स्वतःच इमारतींसाठी मोलाचा ठरणार होता. सरकारने रेल्वेला चर्चगेटच्या दक्षिणेकडून मागे घेण्याचे ठरविले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी क्लॉड बॅटली या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यानुसार मुंबई सेंट्रल हे नवे टर्मिनस बांधण्यात आले आणि १८ डिसेंबर १९३० रोजी ते सुरू झाले. उपनगरी गाड्या चर्चगेटला थांबू लागल्या. पंधरवड्याच्या आत कुलाबा बंद झाले.

कापसाचा बाजारही याच दशकात कुलाब्याहून शिवडीला गेला. तेथील स्थानकाचे ‘कॉटन ग्रीन’ हे नाव त्याची साक्ष देते. कुलाब्याच्या मालधक्क्यामागचे मोठे कारण अशा रीतीने नाहीसे झाले, त्यामुळे रेल्वेला माघार घेणे सोपे गेले असावे. तरीही मूळ निर्णय जमिनीचा होता, वाहतुकीचा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि त्या जमिनीचे पुढे काय झाले, हा या कहाणीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भरावाचे काम ठरल्याप्रमाणे झाले नाही. समुद्राच्या भिंतीतून गाळ पाझरत राहिला, गाळ उपसण्याचा वेग अंदाजापेक्षा कमी पडला, खर्च वाढत गेला. वकील खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर उघडपणे टीका केली. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरण्यात आला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. अखेरीस आठपैकी चारच विभाग पूर्ण करून काम थांबवण्यात आले. उत्तरेकडील दोन विभागांवर चर्चगेटच्या पश्चिमेची वस्ती आणि मरीन ड्राइव्ह उभे राहिले. दक्षिणेकडील बरीचशी जमीन लष्कराला मिळाली. मधले चार विभाग, म्हणजे नेमका कुलाबा स्थानकासमोरचा आणि त्याच्या उत्तरेचा समुद्र, तसेच राहिले. ज्या भरावासाठी स्थानक हटवले, तो भराव स्थानकासमोर झालाच नाही. स्वातंत्र्यानंतर हे काम पुन्हा हाती घेतले गेले, त्यातून नरिमन पॉइंट आणि कफ परेडच्या उंच इमारतींची जमीन तयार झाली. पण दोन्हींच्या मधली खाडीसारखी आत शिरलेली समुद्राची जागा आजही भरलेली नाही. बधवार पार्क याच पाण्याच्या काठावर आहे. किनारपट्टी नियमनाची अधिसूचना १९९१ मध्ये निघाल्यानंतर तर असा भराव घालण्याला कायद्याचाच अडसर आला.

हे सारे पाहिल्यावर १९३० चा निर्णय घाईचा होता असे मला वाटते. चर्चगेट ते कूपरेज या भागात रूळ हटल्याचा शहराला लाभ झाला, हे मी नाकारीत नाही. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या घरांची जी रांग आहे, तिचा समावेश २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, आणि ओव्हल व समुद्र यांच्यामध्ये रूळ राहिले असते तर त्या वस्तीचे स्वरूप निराळे झाले असते. मात्र त्याच्या दक्षिणेला, कुलाब्याकडे, रेल्वे काढून घेण्याची निकड त्या क्षणी नव्हती. समोर जमीन तयार झालेली नव्हती, ती केव्हा होईल हेही ठरलेले नव्हते, आणि चालू असलेली, नुकतीच विजेवर आणलेली सेवा मात्र हातची गेली.

प्रश्न : स्थानक बंद झाल्यावर कुलाब्याच्या लोकांनी ये-जा कशी केली?

उत्तर : ट्रामने आणि बसने. मुंबईतील घोड्यांनी ओढायची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली तेव्हा तिचा एक मार्ग कुलाबा ते पायधुणी असाच होता. १९०७ पासून ट्राम विजेवर चालू लागली. शहरातील पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी धावली तीही कुलाब्यातील अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. रेल्वे गेली तेव्हा रस्त्यावरची साधने हाताशी होती, म्हणून गैरसोय असह्य झाली नाही. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील ट्रामही थांबली आणि त्यानंतर अनेक दशके कुलाब्याला रुळांवरचे कोणतेच साधन उरले नाही. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून पुढे बस, टॅक्सी किंवा पायी, हा क्रम दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडला.

प्रश्न : ‘बधवार’ हे कोणाचे नाव? आणि स्थानकाची जमीन विकली न जाता रेल्वेकडेच कशी राहिली?

उत्तर : फतेहचंद बधवार हे १९५१ ते १९५४ या काळात रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष होते. वसाहतीला त्यांचे नाव आहे. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी बी.बी.सी.आय. आणि इतर काही रेल्वे एकत्र करून पश्चिम रेल्वे स्थापन झाली, आणि जुन्या कंपनीच्या मुंबईतील मिळकतीबरोबर ही जागाही तिच्याकडे आली. चर्चगेटचे मुख्यालय येथून जवळ असल्यामुळे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवासासाठी जागा सोयीची होती.

या बदलाची एक बाजू मला नेहमी खटकते. फलाटावर कोणीही येऊ शकतो. तिकीट काढलेला मजूर आणि पहिल्या वर्गाचा प्रवासी एकाच दारातून आत शिरतात. अधिकाऱ्यांच्या वसाहतीला कुंपण असते आणि आत जायला कारण सांगावे लागते. जमीन सरकारी राहिली, ती बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेली नाही, तेथे झाडे आणि मोकळी जागा टिकली, हे चांगलेच झाले. परंतु जी जागा साठ वर्षांच्या आसपास साऱ्या शहराची होती, ती पुढे थोड्या कुटुंबांची झाली, आणि तिचा पूर्वेतिहास लोकांच्या नजरेआड जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

बधवार पार्क हे नाव देशभर पोहोचले ते दुर्दैवाने निराळ्याच घटनेमुळे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी रबरी होडीतून शेजारच्या कोळी वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना प्रथम पाहणाऱ्यांत तेथील मच्छीमार होते. स्थानकासमोरचा समुद्र न भरता राहिला म्हणून तेथे आजही कोळ्यांच्या होड्या लागतात. स्थानक येऊन गेले, वसाहत आली, पलीकडे उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी किनाऱ्यावरचा हा व्यवसाय चालू आहे. या जागेविषयी लिहिताना केवळ रेल्वेचा विचार करणे म्हणूनच अपुरे आहे.

प्रश्न : जुन्या स्थानकाच्या काही खुणा आज पाहता येतील का? विद्यार्थ्यांना घेऊन जाण्याचा विचार आहे.

उत्तर : इमारत नाही, फलाट नाहीत, मार्गावर रूळही नाहीत. वसाहत खासगी निवासाची असल्यामुळे परवानगीवाचून आत जाता येणार नाही, आणि आत गेल्यानेही फार काही हाती लागेल असे नाही. त्याऐवजी मार्गाचा माग काढावा, असे मी सुचवीन.

सुरुवात चर्चगेट स्थानकापासून करावी. गाड्या तेथे आज ज्या टोकाशी अडतात, त्या टोकातून त्या पूर्वी पुढे जात असत, म्हणजे चर्चगेट हे अंतिम नव्हे तर मधले स्थानक होते, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जागेवर उभे करून सांगावे. जवळच बी.बी.सी.आय.च्या मुख्यालयाची १८९९ मध्ये पूर्ण झालेली दगडी इमारत आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे ते काम. ती बांधली तेव्हा तिच्या पश्चिमेला रूळ आणि रुळांपलीकडे समुद्र होता. तेथून महर्षी कर्वे मार्गाने ओव्हल मैदान डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालावे. रेल्वे याच बाजूने, मैदानाच्या पश्चिमेकडून जात होती. उजव्या हाताची आर्ट डेको घरे आणि त्यांच्यामागे मरीन ड्राइव्हपर्यंतची जमीन हा नंतरचा भराव आहे. पुढे कूपरेज मैदान लागते, आणि तेथून वुडहाउस रोडला आले की १९०५ च्या सुमाराचे होली नेम कॅथीड्रल दिसते. स्थानक चालू असताना ते तेथे होते, त्यामुळे जुना नकाशा आणि आजचा नकाशा जुळवताना ही एक भक्कम खूण ठरते. दुसरी खूण म्हणजे दक्षिणेकडील अफगाण चर्चचा मनोरा. हे चर्च १८५८ मधले, म्हणजे कुलाब्याला रेल्वे येण्याच्याही आधीचे. या दोन खुणा धरून जुन्या नकाशावर स्थानकाची जागा शोधायला लावली, तर किनारा किती सरकला हे विद्यार्थ्यांना स्वतःहून समजेल. चर्चगेट ते बधवार पार्क हे सारे अंतर दोन किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, त्यामुळे शालेय मुलांनाही ते चालता येईल. सकाळची वेळ निवडावी.

नकाशे निवडताना एक काळजी घ्यावी. १९२० च्या दशकातील काही नकाशांवर भरावाचे आठही विभाग जमीन असल्यासारखे आखलेले आढळतात. तो संकल्प होता, वस्तुस्थिती नव्हे. असा नकाशा प्रमाण मानला तर कुलाबा स्थानक समुद्रापासून पुष्कळ आत असल्याचा गैरसमज होतो.

प्रश्न : आता भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली आहे. म्हणजे कुलाब्याला त्याचे स्थानक परत मिळाले, असे म्हणावे का?

उत्तर : काही अंशी. आरे ते कफ परेड ही सुमारे साडेतेहतीस किलोमीटरची, सत्तावीस स्थानकांची मेट्रो मार्गिका ३ टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि तिचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रवाशांना खुला झाला. चर्चगेट, विधान भवन आणि कफ परेड हा तिचा दक्षिणेकडील क्रम जुन्या रेल्वेच्या दिशेशी पुष्कळ जुळतो. १९३० मध्ये जी अडचण सांगितली गेली, म्हणजे रूळ रस्ते अडवतात, ती भुयारी मार्गाने उरत नाही.

परंतु दोन फरक लक्षात घ्यावेत. मेट्रोचे अंतिम स्थानक कफ परेडच्या नव्या भरावाच्या बाजूला आहे, बधवार पार्कच्या जागेवर नाही. कुलाब्याच्या जुन्या वस्तीला, ससून डॉकला किंवा कॉजवेला तेथून अजून रस्त्यानेच जावे लागते. दुसरे असे की बोरिवली किंवा विरारहून निघालेला प्रवासी १९३० पर्यंत एकाच गाडीत बसून कुलाब्याला उतरू शकत होता. आज त्याला गाडी बदलावी लागते. पहाटे मासळी घेण्यासाठी ससून डॉकला येणाऱ्या उपनगरांतील कोळणींच्या दृष्टीने डोक्यावर टोपली घेऊन एकदा गाडी बदलणे ही क्षुल्लक गोष्ट नाही.

काही वाचकांनी त्या जागी स्मारक असावे अशी सूचना केली आहे. मोठ्या स्मारकाची आवश्यकता मला वाटत नाही. बधवार पार्कच्या प्रवेशद्वाराबाहेर, पदपथावरून जाणाऱ्याला वाचता येईल असा एक मराठी फलक पुरेसा आहे. त्यावर कुलाबा स्थानकाचा आराखडा, १८९६ आणि १९३० ही दोन वर्षे, आणि त्या काळातील किनाऱ्याची रेषा दाखवावी. जागा रेल्वेची आहे, आणि पदपथ महापालिकेचा. या दोन्ही संस्थांकडे वाचकांनी लेखी मागणी केली तर त्या पत्रांच्या प्रती आम्हालाही पाठवाव्यात. त्या या सदरात प्रसिद्ध करू.